भित्रीचं बघणं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. झुरळ, पाल, लिफ्ट, उघडं गटार, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, यातलं काहीही मला पुरतं. आई म्हणायची, "ही पोरगी रस्त्यात स्वतःच्या सावलीला वाट देते." त्यात मी वाढले भिवंडीत, टेमघरच्या बाजूला, यंत्रमागांच्या म्हणजे लूमच्या गल्लीत. तिथे निसर्ग म्हणजे भिंतीतून उगवलेला एक पिंपळ आणि पत्र्यावर बसणारे कावळे. मोकळं रान दिसलं की लोकांना म्हणे बरं वाटतं. मला रान दिसलं की त्यात साप दिसायचा, मग तिथे तो असो किंवा नसो.

बाबांनी जन्म लूमवर काढला. त्या खटखटाटात त्यांचे कान गेले. आता शेजारी फटाका फुटला तरी ते मान वळवत नाहीत. कानाचं मशीन लावून पाहिलं, तर दुसऱ्याच दिवशी काढून ठेवलं. म्हणाले, "त्यात परत लूमच ऐकू येतो." कारखान्यात तसंही कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, तिथे सगळं हातांनी आणि ओठांनी चालतं. आमच्या घरातही तीच भाषा आली. अंगठा ओठाला लावला की पाणी, पंज्याची बशी करून तोंडाशी नेली की चहा. आईबाबा त्याच भाषेत भांडायचेही, आणि कोण जिंकतंय ते हातांच्या वेगावरून कळायचं. आई गेली तसे आम्ही दोघंच उरलो. मग माझ्या इतर सगळ्या भीत्यांच्या वर एक भीती येऊन बसली, की आता यांना काही झालं तर.

बाबांचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि शेजारणीने वज्रेश्वरीचं गरम पाणी सांगितलं. बाबांनी शेजारणीचं ऐकलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही भिवंडीहून बस पकडून जायला लागलो. तिथे बांधलेली कुंडं आहेत, पण त्यांत गर्दी, आणि बाबांना अनोळखी लोकांनी काही विचारलेलं आवडत नाही, कारण उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न कळायला हवा. त्यांनी स्वतःच एक जागा हुडकली. नदीच्या पात्रातच, खडकाच्या एका खळग्यात, खालून ऊन पाणी येतं आणि नदीच्या पाण्यात मिसळून सोसवेल इतकं होतं. काठ आणि तो खडक यांच्यामध्ये घोटाभर पाण्याचा एक ओहोळ, त्यात पाय ठेवायला दगड टाकलेले. बाबा त्यावरून पलीकडे जायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, खळग्यात पाय सोडून बसायचे, आणि त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला बसचे धक्के विसरायला व्हायचं.

मी काठावरच थांबायचे. तिथे एका मावशींची चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर. खाली उतरायची माझी छाती नव्हती. फोनमध्ये तोंड घालावं तर बाबांवरची नजर हटायची. मग मी बघत बसायचे. आता माझं बघणं कसलं, तर शेलार गावाच्या पुढच्या एका गोदामात मी परत आलेल्या मालाच्या खात्यात आहे. दिवसभर कपडे उलटसुलट करायचे आणि खोट शोधायची. डाग, उसवलेली शिवण, अडकलेली चेन. खोट सापडली की कपडा इकडे, नाही सापडली की तिकडे. कपड्याचा रंग कोणता होता, हे मला संध्याकाळी विचारलं तर सांगता येत नाही. नदीकाठीही मी तेच करत होते. नदी उलटसुलट करून साप शोधत होते.

दर थोड्या वेळाने मी वाकून बाकाखाली बघायचे. मावशींनी ते बरेच दिवस सहन केलं. मग एकदा म्हणाल्या, "काय शोधतंस गो बाय सारखी?"

"साप."

"गावला का?"

"नाही."

"मंग सोड ना. साप साप करशील त सापच दिसंल, दुसरा काय दिसणार न्हाय. आन तू अशी वाकून बगतंस ना, मंग माझा गिऱ्हाईक उठून जातो. नुस्ती बघ. काय शोधू नको."

त्यात ज्ञान कमी आणि धंद्याची काळजी जास्त होती, हे मला कळत होतं. पण बसल्या बसल्या करून पाहायला काय हरकत, म्हणून मी नुसतं बघायला लागले. सांगते, याच्याइतकं अवघड काम नाही. काही शोधायचं नाही म्हटलं की डोळे बावचळतात. कुठे थांबायचं तेच त्यांना कळत नाही. मी झाडाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, हे झाड. झालं. पुढे काय?

पुढे काही झालं ते इतकं हळू की नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही. एका ठिकाणी रोखून न बघता डोळे सैल सोडून द्यायची सवय लागली. एकाच पदार्थावर लक्ष न ठेवता सगळ्या स्वयंपाकावर ठेवतात, तसं. मग दिसायला लागलं की एकटं काही हलतच नाही. म्हशी उतारावर आल्या की त्यांच्या आधी बगळे येतात. म्हशी पाण्यात शिरल्या की चतुर वर उठतात आणि चतुर उठले की करंजाच्या फांदीवरचा खंड्या सरसावून बसतो. वरून घारीची सावली सरकली की खडकावरचे सरडे एकदम दगड होतात, आणि सावली गेल्यावरसुद्धा बराच वेळ दगडच राहतात. सरड्यांशी माझं तेव्हापासून जमलं. भित्रे बिचारे, पण अंदाज पक्का. ढोकरी नावाचा मातकट बगळा दर वेळी एकाच उथळ जागी उभा असायचा, इतका निश्चल की मी त्याला पहिल्यांदा झाडाचा खुंटच समजले होते.

अशीच सैल बघत असताना मला साप दिसला. ढोकरीने मान जराशी आत घेतली, बेडक्या एका बाजूच्याच टणाटण पाण्यात पडल्या, आणि त्या दोन्हींच्या मधोमध पाण्यावर एक डोकं तरंगत होतं. बाबांच्या पायांपासून हातभर अंतरावर. माझ्या तोंडातून असा काही आवाज निघाला की मावशींच्या हातातलं पातेलं हिंदकळलं. त्यांनी बघितलं आणि त्या हसत सुटल्या. "दिवड हाय ती. इख न्हाय तिला. त्या खडकाच्या भोकातच राहतं. तुझा बाबा येतो तवापासून तितंच हाय."

म्हणजे मी इतके दिवस ज्याला शोधत होते, तो दर वेळी बाबांच्या पायाशी होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या बाबतीत तो पाठीशी नव्हता, समोर होता आणि मी बाकाखाली बघत होते. लोक म्हणतात, कळलं की भीती जाते. माझी गेली नाही. आधी मला एका सापाची भीती होती, आता समजलं होतं की त्या नदीत एकमेकांना घाबरून असणाऱ्यांची केवढी वस्ती आहे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून आहे. मीही त्यांच्यात जाऊन बसले, एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पुढच्या सुट्टीला मी न सांगता पिशवी भरून तयार होते.

पावसाळाभर आमचं जाणं बंद होतं. गणपती गेले, कडक ऊन पडायला लागलं, पाणी ओसरून खडक उघडा पडला, तसे आम्ही परत गेलो. पात्रात जरा पुढे एक उभा दगड आहे, शेंदूर फासलेला. तो कोरडा असेल तोवर खाली बसावं, त्याचे पाय भिजले की देवाने उठायला सांगितलं असं समजून वर यावं, असा तिथला शिरस्ता. मला तो शिरस्ता फार आवडायचा. घाबरायचं काम एका दगडावर सोपवून मोकळं होता येत होतं.

त्या दिवशी दगड कोरडा ठणठणीत होता. ऊन इतकं होतं की बाबांनी डोक्याला रुमाल बांधला होता. फक्त लांब, नदी जिकडून येते तिकडच्या डोंगरावर, आभाळ शाईसारखं झालं होतं, पण ते लांब होतं. मी चहा घेतला. आणि थोड्या वेळाने मला बरं वाटेनासं झालं. का ते कळत नव्हतं.

मी डोळे सैल सोडले. ढोकरी तिच्या जागेवर नव्हती. ती वर, काठाच्या खडकावर, अंग चोरून उभी होती. बरं, बगळ्याला जागा बदलायची मुभा आहे. चतुर पाण्यावर नव्हते, ते टपरीच्या छपराच्या उंचीवर होते. तेही असतील. काठच्या भोकांतून खेकडे बाहेर आले होते आणि तिरके तिरके वर चढत होते. नदीच्या मधोमध, वारा नसताना, वाळलेल्या पानांचा आणि काळ्या काटक्यांचा एक पट्टा चालला होता. त्याच्यावर फेस होता. कडेचं पाणी नितळ, खालचे गोटे दिसत होते, पण मधलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. आणि आवाज. खडकाच्या फटीतून पाणी ठिबकायचं त्याचा टपटप आवाज मी दर वेळी ऐकायचे, तो आता ऐकूच येत नव्हता. तो थांबला नव्हता, ठिबक मला दिसत होतं. कशाने तरी तो झाकून टाकला होता.

यातलं एकेक घेतलं तर काहीच नव्हतं. गोदामात असं एकेक घेऊन मी कपडा 'चांगला' म्हणून सरकवला असता. पण सगळं एकदम बघितल्यावर तसं सरकवता येईना.

"मावशी, पाणी येतंय का?"

मावशींनी दगडाकडे बघितलं. "दगड कोरडा हाय न्हाय का? मंग कसला भ्याव?"

"ढोकरी वर जाऊन बसलीय."

"तिला वरती बसावासा वाटला असंल." शेजारचं गिऱ्हाईक हसलं. मला लाज वाटली. सापाच्या वेळचं हसणं मी विसरले नव्हते. चारचौघांत परत शोभा करून घ्यायची आणि बाबांना त्यांच्या सुखातून उठवायचं, तेही ढोकरीच्या सांगण्यावरून. मी परत खाली बसले. आणि बसल्या बसल्या बघितलं, की ओहोळातला पाय ठेवायचा सगळ्यात चपटा दगड दिसत नाहीये. तिथे फक्त पाण्याला एक वळी पडत होती.

मग मी धावले. जिथे मी कधी उतरले नव्हते तिथे शेवाळावरून घसरत, बसकण मारत खाली गेले. बाबा माझ्याकडे पाठ करून बसले होते. "बाबा!" मी ओरडले. कशाला ओरडले देव जाणे. मग घरी त्यांचं लक्ष वेधायला पुढ्यात काहीतरी टाकतो त्या सवयीने एक गोटा उचलला आणि त्यांच्यापुढच्या पाण्यात फेकला. ते दचकून उभे राहिले आणि वळले. त्यांनी मला पाहिलं मात्र, माझे दोन्ही हात आपोआप वर गेले, पंजे उघडे, डोक्याच्या वर.

आणि बाबा पुतळ्यासारखे उभे राहिले. त्यांनीही दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी थिजले.

क्षणभर मला काही समजेना. मी वेड्यासारखे हात हलवले, तसे त्यांनी हात आणखी ताठ केले. मग माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले ते. कारखान्यात ही खूण सगळ्यात वाईट. बाबा होते त्या जुन्या कारखान्यात एकाच दांड्यावर पट्ट्यांनी बरेच लूम फिरायचे. कुणाचा हात किंवा बाही पट्ट्यात अडकली की ज्याला दिसेल त्याने दोन्ही हात वर करायचे. ते बघणाऱ्याने आपल्या लूमवरचे हात काढून वर करायचे आणि अजिबात हलायचं नाही, कशालाही शिवायचं नाही. कुणी घाबरून आपला लूम बंद करायला गेला, तर दांड्याला हिसका बसून अडकलेला हात आणखी आत ओढला जायचा. फक्त मोटरजवळचा माणूस हलणार, मोटर बंद करायला. बाकी सगळे पुतळे.

माझ्या बाबांच्या अंगात ती खूण हाडांपर्यंत मुरलेली. मी त्यांना नदीच्या मधोमध उभं करून ठेवलं होतं.

पाणी आता ओहोळात धावत होतं. ते उडी मारून ओलांडण्याएवढी माझी कुवत नव्हती, आणि मी पडले तर ते हलतील आणि आम्ही दोघंही जाऊ. मी 'या, या' म्हणून हात ओढले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते आजूबाजूला बघत होते, मान न हलवता, नुसते डोळे फिरवून, काहीतरी शोधत. त्यांच्या पोटऱ्यांना पाणी लागलं होतं. मला रडू फुटलं. इतक्या खुणा मला येत होत्या, पाण्याची, चहाची, मिठाची, लाइटची, आणि 'नदी आली, पळा' याची खूण आमच्या भाषेत नव्हती.

तेव्हा मला सुटलेली शिफ्ट आठवली. शिफ्ट संपली की कामगार खांद्यावरचा फडका काढून एकदाच जोरात झटकतो. रुई उडते, पलीकडचा बघतो, तोही झटकतो, आणि सगळा कारखाना उठतो. मी गळ्यातली ओढणी काढली, दोन्ही हातांनी धरली, आणि झटकली. एकदा. मग उभी राहिले, दमलेल्या माणसासारखी, खांदे पाडून.

बाबांचे हात खाली आले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि झटकला. आणि मग, देवा रे, मग त्यांनी त्याची घडी केली. चपला उचलल्या, दोन्ही एकावर एक ठेवल्या, पिशवी खांद्याला लावली, जागेवर काही राहिलं नाही ना ते वळून पाहिलं. शिफ्ट सुटल्यावर माणूस घाई करत नाही. मी काठावर ओठ चावत उभी होते, कारण आता मी काहीही हलवलं तर त्यांना त्याचा काय अर्थ लागेल याची मला भीती वाटत होती. ते ओहोळात उतरले. पाणी त्यांच्या गुडघ्यांवर गेलं. मधे ते एकदा तिरके झाले. मी पाण्यात पाय घालून त्यांचं मनगट पकडलं आणि ओढलं, आणि आम्ही दोघं चिखलात बसलो.

वर चढेपर्यंत मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही. पाहिलं तेव्हा बाबांचा खळगा कुठे होता ते सांगता येत नव्हतं. शेंदऱ्या दगडाला पाणी आता कुठे लागत होतं. मावशी खालचं बाक वर ओढत ओरडत होत्या, "उठा रं समदे! पानी आला!"

त्यांनी आम्हाला न विचारता चहा दिला. माझ्या कपातला अर्धा मी बशीत न ओतता मांडीवरच सांडला. बाबांनी कप बाजूला ठेवला. मग मोठ्याने, त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं, त्यांनी विचारलं, "कुणाचा होता?"

काय, कुणाचा? मी ओठांनी विचारलं.

"हात. अडकलेला. तू खूण केलीस ना. मी सगळीकडे बघितलं, दुसरं कुणी दिसेना. मग म्हटलं, हिचाच असणार."

इथे कुठे आलाय लूम, बाबा? मी हातांनी म्हटलं. पाणी वाढत होतं, तुम्हाला कळलं नाही का?

"कळत होतं की. पायांना लागत होतं." ते नदीकडे बघत म्हणाले. "पण हात वर दिसले की डोकं काही विचारत नाही. मी हललो असतो आणि तुझा हात गेला असता, म्हणजे?"

त्यांनी माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, चिखलाने भरलेली बोटं एकेक करून उघडून पाहिली, मग डावा हात घेतला, तोही पाहिला, आणि मगच चहाचा कप उचलला.